लोअर केलेली गाडी आणि ‘कँबर मारून शून्य करून देतो’

झिरो_टो (धागाकर्ता)

काल ‘तळमजला’ यांनी छातीठोकपणे लिहिलं: “गाडी ३५ मिमी खाली घेतली की कँबर किट घालायचंच, नाहीतर टायर आतून संपलेच समजा. किट परवडत नसेल तर टायरवाल्याकडून कँबर मारून शून्य करून घ्या, दहा मिनिटांचं काम.” खाली अंगठ्यांची रांग. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा. नवख्यांसाठी: लोअर करणं म्हणजे स्प्रिंग बदलून गाडी खाली घेणं. कँबर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाकाचा कल, वरचा भाग आत झुकला तर उणे, बाहेर झुकला तर धन. टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं. कँबर किट म्हणजे कँबर बदलू देणारे बोल्ट.

टायर खातो तो टो. कँबर त्याला हातभार लावतो, एवढंच. मॅकफर्सन स्ट्रटची (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात असलेली) गाडी खाली आली की लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) बाहेरचं टोक वर जातं, चाकाचा खालचा भाग बाहेर ढकलला जातो आणि कँबर अर्धा ते एक अंश उणे होतो. आर्म आडवा होऊन त्याच्याही वर गेला तर हा फायदा उलटा फिरायला लागतो. याच वेळी टाय रॉडही (स्टीअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) वर जातो. त्याची लांबी आणि कोन आर्मशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून टो सरकतो. आत सरकेल की बाहेर, ते स्टीअरिंगचा रॅक (टाय रॉड जिथून निघतात तो) ॲक्सलच्या पुढे आहे की मागे यावर.

आता हिशेब करा. १५ इंची रिमवर मोजलेला एकूण टो ३ मिमी चुकला असेल तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला जवळजवळ ४ मीटर आडवं घासत जातं. स्वारगेटहून कात्रजला पोचेपर्यंत वीस मीटर टायर नुसता खरवडला. कँबर उणे दीड अंश, टो शून्याजवळ, हवा बरोबर, टायर वेळेवर पुढे-मागे केलेले, अशा गाडीच्या टायरचं काही बिघडत नाही.

कोण खातंय ते बघायला मशीन लागत नाही. ट्रेडवरून तळहात आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग उलट. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे दात टोचले तर टो. दात नाहीत, फक्त आतली कड एकसारखी उतरली आहे, तर कँबर. कड उतरली आहे आणि दातही आहेत, तर दोन्ही, आणि आधी टो बघा.

राहिलं ‘मारणं’. म्हणजे हायड्रॉलिक जॅकचा शिकंजा स्ट्रटला लावून तो वाकवणं. नीट केलेल्या कामाला हा शब्द वापरत नाहीत, एवढ्यावरून तरी ओळखा. नळी वाकली की आतला पिस्टन एका बाजूला घासतो, रॉडवर आडवा ताण येतो, सील गळायला लागतं. लोअर केलेल्या गाडीत तर पिस्टन आधीच नळीत खाली चालत असतो, म्हणजे शिकंजा जिथे बसतो त्याच्या आणखी जवळ.

तळमजला

नाव घेतल्याबद्दल आभारी आहे. पण पुस्तकी शून्य टो पुण्याच्या खड्ड्यांत किती दिवस टिकतो? टो हलणारच. मग कँबर उणे ठेवून आतल्या कडेवर भार कशाला टाकायचा? शून्य केला की टो हलला तरी झीज सगळ्या रुंदीवर वाटली जाते. आणि मारणं गावोगाव चालतं. सगळेच मूर्ख का?

डबल_विशबोन

सगळेच मूर्ख नसतील, सगळ्यांचे शॉकअप मात्र गळतात. उभ्या गाडीचा कँबर शून्य केलात की वळणावर बॉडी कलते आणि बाहेरचं चाक धन कँबरमध्ये जातं. म्हणजे भार सगळ्यात जास्त ज्या चाकावर, तेच बाहेरच्या कडेवर उभं. कात्रज घाटात पुढची बाहेरची कड खाल्लेली दिसली की लोक परत ‘कँबर मारून’ घ्यायला जातात, आणि चक्र सुरू.

लोअर केल्यावर रोल सेंटर (बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो, हे तर कुणी बोलतच नाही. दोघांतलं अंतर वाढलं की गाडीला कलायला उलट जास्त तरफ मिळते. कडक स्प्रिंग ते झाकून टाकते, म्हणून कुणाला जाणवत नाही. त्यावर उपाय लांब खुंटीचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यातला सांधा). तो घातला तर टाय रॉड एंडही तेवढाच खाली आणावा लागतो, नाहीतर बंप स्टीअर, म्हणजे चाक वर-खाली होताना टो आपोआप बदलणं.

ब्रेकरभंजक

मूळ प्रश्नच चुकला आहे. या शहरात गाडी खाली घ्यावीच का? इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या आयआरसी ९९ प्रमाणे गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येचा हवा. पुण्यात असा एक दाखवा.

झिरो_टो

विषय अलाइनमेंटचा आहे.

ब्रेकरभंजक

विषय गाडीच्या पोटाचा आहे. २४५० मिमी व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) हॅचबॅक नियमातल्या उंचवट्यावर मधोमध उभी केली की दोन चाकांमध्ये उंचवटा फक्त ४४ मिमी वर येतो. ३५ मिमी खाली घेतलेली गाडीही आरामात जाईल. आपल्या गल्लीतला ब्रेकर एक फूट रुंद आणि दहा सेंमी उंच. तो पोटाखाली आला की पूर्ण १०० मिमी गेले. रिकाम्या गाडीचा क्लिअरन्स १६५, वजा ३५, वजा पाच माणसं बसल्यावर दबलेले तीसेक. राहिले शंभर. आता सांगा, कँबर किती अंश ठेवायचा?

तळमजला

+१. इथे मात्र पूर्ण सहमत.

डबल_विशबोन

अहो, तिरकी घ्या गाडी! एका वेळी एकच चाक चढवा.

ब्रेकरभंजक

तिरकी घेतली की मागचा रिक्षावाला डाव्या बाजूने घुसतो. आणि तिरकं चढताना बॉडीला पीळ बसतो तो वेगळाच. रंगवलेले पट्टे नाहीत, सूचनेचा फलक नाही, सोसायटीच्या अध्यक्षांना वाटलं म्हणून रात्रीत डांबर ओतलं. यावर धागा काढा.

बुशकोट

ब्रेकरचं संमेलन झालं असेल तर एक गोष्ट जी वर कुणीच लिहिली नाही. स्प्रिंग बदलताना गाडी लिफ्टवर असते, चाकं लोंबकळत असतात. मेकॅनिक लोअर आर्मच्या बुशचे (रबरी सांध्यांचे) बोल्ट तिथेच आवळून टाकतो. रबराच्या दृष्टीने तीच ‘सरळ’ स्थिती ठरते. गाडी जमिनीवर आली की बुश कायमचा पिळलेला. दोन गोष्टी होतात: रबर लवकर फाटतं, आणि पिळलेलं रबर स्प्रिंगसारखं गाडी थोडी वर धरून ठेवतं. तुम्ही त्या खोट्या उंचीवर अलाइनमेंट करून घेता. बुश ढिले पडले की उंची उतरते, टो हलतो, आणि शिव्या खातो खड्डा.

बोल्ट हातानेच लावा, गाडी रॅम्पवर चाकांवर उभी करा, पुढून-मागून चार वेळा दाबून सोडा, मग टॉर्क पान्याने आवळा. मागच्या बीमच्या (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) बुशलाही हेच. उंची मोजताना चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि झीज मापात घुसते.

अलाइनमेंट लगेच करू नका. शे-दोनशे किलोमीटर चालवून स्प्रिंग बसू द्या. लगेच गाडी वापरायचीच असेल तर टो तेवढा ढोबळ लावून घ्या.

तळमजला

हे पटलं. पण मग किटला विरोध का? कँबर बोल्ट म्हणजेच किट ना?

झिरो_टो

विरोध ‘घालायचंच’ला आहे. आधी अलाइनमेंट मशीनचा प्रिंटआउट बघा. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नसेल आणि कँबर उणे दीडच्या आत असेल तर बोल्टला हात लावू नका. फरक जास्त असेल तर स्ट्रटचा आणि नकलचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) एकत्रित कोन, म्हणजे एसएआय (समोरून पाहिल्यावर स्टीअरिंगच्या अक्षाचा कल) अधिक कँबर, दोन्ही बाजूंचा ताडून बघा. तो जुळत नसेल तर काहीतरी वाकलंय. वाकलेल्या नकलवर कँबर बोल्ट म्हणजे मोडलेल्या हाडावर बाम.

बोल्ट घालायचाच तर: स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या दोन बोल्टपैकी बहुतेक किटमध्ये वरचा बदलतात. त्याचा दांडा मूळ बोल्टपेक्षा बारीक आणि मध्ये एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेला गोल भाग). दोन भोकांमध्ये साठेक मिलिमीटर अंतर धरा, वरचं भोक १ मिमी सरकलं की जवळपास १ अंश. म्हणजे किती नाजूक काम आहे ते बघा. बारीक दांड्यामुळे पकड फक्त आवळण्याची, म्हणून किटवरच्या कागदातलाच टॉर्क लावा, नट नवा घ्या, दांड्याला ग्रीस नको, आणि शेवटी डोक्यापासून स्ट्रटपर्यंत रंगाची एक रेघ ओढा. मोठ्या खड्ड्यानंतर रेघ तुटलेली दिसली की बोल्ट सरकला. उणे कँबर कमी करताना टायरचा वरचा भाग फेंडरकडे जातो, हेही विसरू नका. रुंद टायर असतील तर गाडीत माणसं बसवून आणि स्टीअरिंग पूर्ण वळवून बघा.

चाकणकर

आणि हे सगळं प्रत्येक गाडीत होत नाही. २०२२ पर्यंत आमच्या चाकणला बनलेल्या पोलोत स्ट्रट नकलमध्ये घुसतो आणि क्लॅम्पने आवळतात. दोन बोल्ट नाहीतच, कँबर बोल्ट घालणार कुठे? तरी नाना पेठेत ‘पोलोचं कँबर किट आहे का’ विचारणारे सापडतात, आणि ‘आहे’ म्हणणारेही. मागे टॉर्शन बीम. त्यात फिरवायला काही नाही, फार तर हबच्या मागे पाचरीसारखी शिम (पातळ चकती). मागचा कँबर मुळातच उणे असतो, तो लाल रंगात दिसला म्हणून घाबरू नका, मशीनमध्ये आधी आपलं मॉडेल निवडलंय का ते बघा.

तळमजला

मग पोलोवाल्याने मारूनच घ्यायचं ना? तेच म्हणत होतो. माझ्या मित्राच्या गाडीला—

डबल_विशबोन

मित्राची गोष्ट नको, मित्राचा प्रिंटआउट टाका. आधीचा आणि नंतरचा.

तळमजला

प्रिंटआउट कोण देतं? टायरवाला म्हणतो ‘झालं साहेब, सरळ केली’.

बुशकोट

बस, हेच तर. अख्ख्या धाग्यातलं सगळ्यात खरं वाक्य. स्टीअरिंगला क्लॅम्प नाही, चाकाखाली टर्नटेबल (फिरती चकती) नाही, एकाच बाजूचा टाय रॉड फिरवून टो जुळवतात. मग स्टीअरिंग वाकडं राहतं, आणि ते सरळ करायला व्हील काढून एक दात फिरवून बसवतात. स्टीअरिंगचा अँगल सेन्सर असलेल्या गाडीत डॅशबोर्डवर दिवा लागतो. दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवले असते तर ही वेळ आली नसती.

क्रम सांगतो, टायरवाल्यासमोर उभं राहून करून घ्या. हवा भरा, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड हलवून खेळ तपासा, मागची मापं घ्या, मग पुढे कॅस्टर (बाजूने पाहिल्यावर स्टीअरिंगच्या अक्षाचा कल), मग कँबर, आणि टो सगळ्यात शेवटी. कँबर हलवला की टो हलतोच, त्यामुळे टो आधी लावून नंतर कँबरला हात लावणारा पैसे दोनदा घेतो. शेवटी बॉनेट ३० मिमी दाबून धरायला सांगा आणि टो पुन्हा वाचा, मग तेवढंच उचलून. आकडा फार पळाला तर बंप स्टीअर आहे. ते अलाइनमेंटने जात नाही.

तळमजला

ठीक. ‘मारणं’ मागे घेतो. ‘घालायचंच’ऐवजी ‘लागलं तर’ असं वाचावं. बाकी माझं म्हणणं होतं तेच आहे.

झिरो_टो

बाकी काही उरलं असेल तर जरूर.

ब्रेकरभंजक

आमच्या गेटसमोरचा आत्ताच टेपने मोजला. रुंदी ३४ सेंमी, उंची ११. अध्यक्ष म्हणाले, “कमी वाटत असेल तर अजून वाढवू.”