नव्या संशोधकांना लिनक्स शिकवताना पहिल्याच तासाला टर्मिनल?

रात्रपाळी: विद्यापीठातल्या नव्या संशोधकांसाठी दोन दिवसांचं लिनक्स प्रशिक्षण ठरतंय. एक दिवस उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराचा डेस्कटॉप, मग टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाईप करायची खिडकी, असा बेत आहे. मला हा वेळेचा अपव्यय वाटतो. फोल्डर सगळ्यांनाच उघडता येतात. नोव्हेंबर २०१७ पासून टॉप५०० या जगातल्या सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीतला एकूण एक महासंगणक लिनक्सवर चालतोय, आणि तिथे एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा देण्याच्या सोयीने, शिरलात की माऊस बहुतेक शोभेलाच. थेट टर्मिनल उघडा.

शाईचा डाग: साफ असहमत. मी भाषाशास्त्रातली, महासंगणकाशी माझा काय संबंध? आमच्या प्रशिक्षणात पहिल्याच तासाला फाईल कोण वाचू, बदलू, चालवू शकतो त्या परवानग्यांचे ७५५ नि ६४४ हे आकडे घोकून घेतले. जेवणानंतर निम्मा वर्ग गायब. मला हवं होतं एवढंच, की चाळीस मुलाखतींच्या फायलींत एक शब्द कुठे कुठे आलाय ते कळावं.

रात्रपाळी: अहो, मग ते ग्रेपचं, फायलींत शब्द शोधणाऱ्या आज्ञेचं काम. म्हणजे टर्मिनलच झालं की!

शाईचा डाग: हो, पण ते दाखवलं कुणी? पुढे महिन्याभराने माझं मीच शोधलं. एक ओळ टाकली आणि फायलींच्या नावांसकट सगळी वाक्यं समोर. तेव्हा कुठे भीती गेली. अगोदर माणसाची अडचण विचारा, आज्ञा नंतर.

जुनं खोड: तुमचं चालू द्या, पण दोघांच्याही अभ्यासक्रमात अपघात नाहीत. फायली उडवणाऱ्या आरएम या आज्ञेला कचरापेटी नसते, हे कोण सांगणार? आमच्याकडच्या एकाला फक्त .टीएमपी, म्हणजे तात्पुरत्या, फायली उडवायच्या होत्या. तारांकन (म्हणजे 'कुठलंही नाव') आणि टिंब यांच्यामध्ये चुकून स्पेस पडली. त्या फोल्डरमधल्या सगळ्या फायली गेल्या, वर '.टीएमपी नावाची फाईल सापडत नाही' अशी तक्रारही आली! विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाईल, लिनक्सवर ओळीच्या शेवटच्या अदृश्य खुणेमुळे अडते, त्यात तर लोकांच्या अख्ख्या दुपारी जातात.

रात्रपाळी: हे मान्य. पहिल्या दिवशी सरावाच्या फायली देऊन मुद्दाम उडवायला लावू.

शाईचा डाग: चालेल, त्या आधी ग्रेप करून झाल्यावर. आणि कृपा करून लॅपटॉपवर लिनक्स बसवण्यात सकाळ घालवू नका. विंडोजवाल्यांना डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, आदल्या दिवशीच टाकून यायला सांगा.

जुनं खोड: सांगा हो. निम्मे तरी न टाकताच येतील.