मंगल कार्यालयाच्या ब्लोअरला व्हीएफडी परवडेल का? हिशेब तपासून हवा आहे

नमस्कार मंडळी. नाशिकजवळ आमचं घरचं मंगल कार्यालय आहे. हॉलमध्ये ताजी हवा सोडायला 15 एचपीचा, बेल्टवर चालणारा ब्लोअर आहे. साखरपुड्याला 100 माणसं असोत की लग्नाला 800, तो आपला 50 हर्ट्झवर एकाच वेगाने फिरतो. कार्य लहान असलं की वायरमन डॅम्पर, म्हणजे डक्टमधली हवा अडवणारी झडप, अर्धा लावून त्याची दांडी बाइंडिंग वायरने बांधून टाकतो. मंगलाष्टकं संपेपर्यंत ती दांडी खडखडते आणि व्हिडिओवाला आमच्याकडे खाऊ की गिळू असं बघतो.

एका विक्रेत्याने व्हीएफडीचं, म्हणजे विजेचे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हचं, पॅनेलसकट 95,000 चं कोटेशन दिलंय. वेग 20 टक्के उतरवला की वीज निम्मी, दीड वर्षात पैसे वसूल, असं तो म्हणतो. पंख्याची वीज वेगाच्या घनाने बदलते आणि 0.8 चा घन 0.512, तेव्हा निम्म्याचं गणित बरोबर आहे. पण चातुर्मासात आमच्याकडे कुत्रंही फिरकत नाही. डायरी चाळली तर ब्लोअर वर्षाला जेमतेम 1,000 तास चालतो, त्यातले 600 लहान कार्यांचे. मोठ्या लग्नाला तो वेग कमी करू म्हटलं तर पाहुणे घामाघूम होतील.

दुसरं म्हणजे त्याने बचत धरलीय ती उघड्या डॅम्परपासून. क्लॅम्प मीटर लावून पाहिला: उघडा असताना 17 अँपिअर, अर्धा लावल्यावर 14. पॉवर फॅक्टर (करंटपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) धरून साधारण 10 आणि 8 किलोवॅट. ब्लोअरची पाती पुढे वळलेली आहेत, त्यामुळे हवा कोंडली की लोड उतरतोच. मग लहान कार्यांची बचत 8 पासून मोजायला हवी ना? 35 हर्ट्झवर वेग 0.7, म्हणजे घनाच्या हिशेबाने 10 चे 3.4, ड्राइव्हचा तोटा धरून 4 म्हणू. तासाला 4 युनिट, 600 तासांचे 2,400. आम्हाला युनिट 12 रुपयांना पडतं, म्हणजे 28,800. वसुलीला सव्वातीन वर्षं!

कुठे चुकतोय का? आणि मोटर दोनदा रिवाइंड झालीय, जनरेटरवरही चालवावी लागते. त्याचं काय?

प्रतिसाद 1: पद्धत बरोबर आहे, पण नुसत्या अँपिअरवर जाऊ नका. डॅम्पर लावला की पॉवर फॅक्टरही पडतो, खरा आकडा 8 पेक्षा कमी निघेल. किलोवॅट दाखवणारा मीटर दिवसभर लावून बघा. रिवाइंड मोटरच्या इन्सुलेशनला ड्राइव्हचे व्होल्टेजचे झटके सोसत नाहीत. ड्राइव्ह मोटरजवळ ठेवून केबल आखूड ठेवा, नाहीतर नवी मोटर हिशेबात धरा. जनरेटरसाठी इनपुट चोक (ड्राइव्हच्या आधी बसणारी कॉइल) मागून घ्या, ड्राइव्हमुळे करंटमध्ये येणाऱ्या विकृतीने, म्हणजे हार्मोनिक्सने, जनरेटरचं व्होल्टेज हलतं.

प्रतिसाद 2: 800 माणसांना तरी 50 हर्ट्झ लागतात का, ते आधी बघा. भर पंगतीच्या वेळी कार्बन डायऑक्साइडचा मीटर हॉलमध्ये ठेवा. 1,000 पीपीएमच्या बरंच खाली असेल, तर मोटरची पुली 10 टक्क्यांनी लहान करा. वेग तेवढाच उतरून लोड 10 किलोवॅटवरून 7.3 वर येतो आणि खर्च ड्राइव्हच्या मानाने किरकोळ.

धागाकर्ता: पुलीचं डोक्यातच आलं नव्हतं! पण मग ड्राइव्हची बचत आणखी घटणार. तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलं मोठं कार्य 700 पानांचं आहे. मीटर आणतो, आकडे इथेच टाकतो. दांडीला तूर्तास रबराचा तुकडा लावलाय.