'कन्सीड'ला मराठीत काय म्हणायचं? (जोनाथन, बुहारी आणि एक फोन)

तळटीप
एका त्रैमासिकासाठी पश्चिम आफ्रिकेतल्या निवडणुकांवरचा लेख मराठीत आणतेय. नायजेरियाच्या २०१५च्या निवडणुकीपाशी गाडं अडलंय. ३१ मार्चच्या संध्याकाळी अध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी प्रतिस्पर्धी मुहम्मदू बुहारींना फोन करून अभिनंदन केलं. मूळ लेखात त्याला एकच क्रियापद आहे, कन्सीड. मी लिहिलं 'पराभव मान्य केला'. संपादकांनी ते खोडून 'हार पत्करली' केलं. माझ्या कानाला पत्करणं म्हणजे आपणहून अंगावर घेणं, जोखीम पत्करतात तसं. त्याने जोनाथन मुद्दाम हरले असं वाटतं. संपादक म्हणतात, 'मान्य केला' लिहिलं की आरोपीने गुन्हा मान्य केल्यासारखं वाटतं.

खरी गोची पुढेच आहे. फोन झाला तेव्हा निकाल जाहीर झाला नव्हता. निवडणूक आयोगाचे प्रमुख अत्ताहिरू जेगा यांनी बुहारींना विजयी घोषित केलं ते १ एप्रिलच्या पहाटे. जो पराभव अजून अधिकृत झालाच नाही, तो 'मान्य' कसा करायचा?

शेवगा_शेंग
हार मानली. संपलं. पुढचा प्रश्न?

शुद्धमती
'हार मानली' ही हिंदीची उसनवारी आहे. जुन्या मराठीत 'हार जाणे' असे. शिवाय हार म्हटले की आपल्याकडे आधी फुलांचा आठवतो. वैचारिक लेखात 'पराभवस्वीकृती' हा शब्द निःसंदिग्ध आहे. 'त्यांनी पराभवस्वीकृती जाहीर केली.'

शेवगा_शेंग
आणि वाचकाने नंतर पाणी प्यायचं.

वेंगुर्लेकर
ताई, 'कौल' वापरा. 'जनतेचा कौल शिरसावंद्य मानला.' आपले सगळे पुढारी हरल्यावर हेच म्हणतात. आमच्याकडे देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटवून कौल लावतात. उजवा पडो की डावा, मिळालेला कौल मानायचा, त्यावर वाद नाही.

तळटीप
काका, पण इथे पाकळी अजून देवाच्या अंगावरच होती! पडायच्या आधीच कौल मानला.

मोडी_वाचक
कौल हा अरबी शब्द. मूळ अर्थ बोल, वचन. शिवकालीन पत्रांत 'कौल दिल्हा असे' म्हणजे अभय दिलं, आश्वासन दिलं.

वेंगुर्लेकर
दरबारातला कौल अरबी असेल. देवाचा कौल आमचा. देवळं काय अरबांनी बांधली?

लागोसकर
मी तेव्हा लागोसमध्ये नोकरीला होतो, म्हणून शब्दाआधी परिस्थिती सांगतो.

मतदान १४ फेब्रुवारीला होतं. आठवडाभर आधी सहा आठवड्यांनी पुढे ढकललं. कारण दिलं ईशान्येतल्या बोको हराम या अतिरेकी संघटनेविरुद्धच्या मोहिमेचं. विरोधकांनी अर्थातच सत्ताधाऱ्यांना वेळ हवाय असं म्हटलं. शेवटी २८ मार्च ठरला. बऱ्याच ठिकाणी बोटांचे ठसे तपासणारी यंत्रं चालेनात. खुद्द जोनाथन यांच्या गावी, बायेल्सातल्या ओटुओकेला, त्यांचा ठसा यंत्र घेईना. काही केंद्रांवर २९ला मतदान घ्यावं लागलं.

आमच्या कंपनीतल्या बऱ्याच भारतीयांनी बायकामुलांना आधीच परत पाठवलं होतं. घरात तांदूळ, डाळ, जनरेटरचं डिझेल भरून ठेवलेलं. ही भीती उगाच नव्हती. २०११ला बुहारी हरले तेव्हा उत्तरेत दंगली उसळून आठशेच्या वर माणसं मेली. या वेळी उलट धमक्या दक्षिणेतल्या नायजर डेल्टाकडून, म्हणजे जोनाथन यांच्या मुलखातून होत्या, आमचा माणूस पडला तर बघून घेऊ अशा. ३१ तारखेला राजधानी अबुजात निकाल वाचून दाखवत होते आणि टीव्हीवर सगळं थेट दिसत होतं. गॉड्सडे ओरुबेबे नावाच्या माजी मंत्र्याने माइक धरून जेगांवर पक्षपाताचे आरोप करत गोंधळ घातला. जेगा मख्ख बसून. त्याचं बोलणं संपल्यावर थंडपणे उत्तर दिलं आणि पुढचा आकडा मागवला. आम्ही म्हटलं, ही ठिणगी. आणि त्याच संध्याकाळी बातमी आली की फोन झाला.

आमचा ड्रायव्हर पिजिनमध्ये, म्हणजे तिथल्या इंग्रजीमिश्रित बोलीत म्हणाला, 'ओगा डॉन ग्री.' ओगा म्हणजे साहेब, डॉन हे क्रिया पूर्ण झाल्याचं चिन्ह, ग्री म्हणजे अॅग्रीचा उरलेला तुकडा. साहेब राजी झाले. तुमच्या अनुवादाला 'राजी' कसा वाटतो?

तळटीप
'पराभवाला राजी झाले'... कान टवकारले माझे. पण लग्नाला राजी झाल्यासारखं वाटतं.

ओसाड_गावचा_पाटील
राजी वरून आठवलं. मराठीत कन्सीडला शब्द नाही याचं कारण आपल्याला तो लागलाच नाही. संसदीय पद्धतीत हरलेला पंतप्रधान राजीनामा देतो. ती कृती दिसते, तिला कागद असतो, राष्ट्रपती भवनापर्यंत गाडी जाते. १९७७ला इंदिरा गांधींनी तेच केलं, २००४ला वाजपेयींनी तेच. बातमी 'राजीनामा दिला' अशी येते, पराभव मान्य केला की नाही हे कुणी विचारत नाही. अध्यक्षीय पद्धतीत हरलेला माणूस मुदत संपेपर्यंत खुर्चीवरच असतो. जोनाथन २९ मेपर्यंत अध्यक्ष होते. दोन महिने सैन्य, तिजोरी, पोलीस सगळं हाताखाली. राजीनामा द्यायचाच नाही, मग मी जातोय हे जगाला कळणार कसं? म्हणून तो फोन. कायद्यात त्याला शून्य किंमत. नायजेरियात जिंकायला नुसती जास्त मतं पुरत नाहीत, ३६ पैकी दोनतृतीयांश राज्यांत निदान चौथा हिस्सा मतं लागतात. ते ठरवणार आयोग. फोनने आयोगाचा एक आकडाही बदलला नाही.

बदललं काय, तर भांडायला उभ्या असलेल्या लोकांच्या पायाखालची सतरंजी गेली. ज्याच्यासाठी दगड उचलायचा तोच म्हणतो अभिनंदन. म्हणून घोषणेआधीचा फोन हाच महत्त्वाचा. दुसऱ्या दिवशी केला असता तर रात्रीत काय झालं असतं कोण जाणे. तळटीप, तुमच्या क्रियापदात हे 'आधी' आलं पाहिजे. 'पराभव मान्य केला'त ते येत नाही.

प्यादे_पुढे
मग बुद्धिबळातलं घ्या ना. डाव सोडणे. मात व्हायची वाट न बघता खेळाडू हात पुढे करतो. 'जोनाथन यांनी मात होण्याआधी डाव सोडला.'

शुद्धमती
डाव सोडणे म्हणजे कंटाळून किंवा घाबरून उठून जाणे असाही अर्थ होतो. राष्ट्राध्यक्षाविषयी लिहिताना प्रतिष्ठा नको का? आणि 'राजीनामा' हा शब्द फारसी आहे, त्याला 'त्यागपत्र' आहे.

मोडी_वाचक
बाई, त्यागपत्र हिंदी वर्तमानपत्रांना राहू द्या. राजीनामा हा आपल्या न्यायव्यवस्थेतला खास शब्द आहे. पेशवाईत दोन भाऊबंद वतनावरून भांडत पंचांपुढे आले की आधी दोघांकडून राजीनामा लिहून घेत. पंच जो निवाडा करतील त्याला राजी असू, असा. नोकरी सोडण्याचा अर्थ मागून आला.

आणि आता मूळ प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बाकी सगळे आफ्रिकेत आणि वेंगुर्ल्यात हिंडताहेत. निवाडा झाल्यावर हरलेल्या पक्षाने जिंकलेल्याला एक कागद लिहून द्यायचा असे: आपण वादात खोटे झालो, या वतनाशी आपला संबंध नाही. त्याचं नाव येजितखत. काही ठिकाणी यजितपत्र, अजितपत्र असंही सापडतं. कन्सीडला याहून नेमका शब्द जगात कुठल्या भाषेत असेल असं वाटत नाही. 'जोनाथन यांनी येजितखत लिहून दिले.'

तळटीप
मोडीकाका!! हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकतेय. पण संपादक मला येजितखत लिहून द्यायला लावतील.

शुद्धमती
अजितपत्र हेच मूळ असणार. अ + जित, जो जिंकला नाही तो. संस्कृत आहे.

प्यादे_पुढे
अजित म्हणजे ज्याला कुणी जिंकलं नाही तो. बरोब्बर उलट अर्थ. हरलेल्याच्या कागदाला 'अजिंक्यपत्र' म्हणायचं?

मोडी_वाचक
मला ते अरबी 'आजिज'चं रूप वाटतं. आजिज म्हणजे लाचार, हतबल. उच्चार घासून येजित.

शुद्धमती
तुम्हाला सगळंच अरबी वाटतं.

ओसाड_गावचा_पाटील
व्युत्पत्ती काहीही असो, येजितखत इथे बसत नाही. ते निवाड्यानंतर द्यावं लागे आणि सरकार घ्यायला लावी. इथे निवाडा व्हायचा होता आणि कुणाची सक्ती नव्हती.

लागोसकर
सक्ती नव्हती हे अर्धसत्य, पाटील. जानेवारीतच संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या साक्षीने अबुजात उमेदवारांनी शांततेच्या करारावर सह्या केल्या होत्या. मतदानाच्या दोन दिवस आधी जोनाथन आणि बुहारींनी पुन्हा केल्या. म्हणजे तुमच्या मोडीकाकांचा राजीनामा आधी घेतला होता म्हणा ना. दोघंही निवाड्याला राजी. मग फोन म्हणजे येजितखतच झालं की.

मोडी_वाचक
लागोसकर, तुम्ही पुण्यात आलात की चहा माझ्याकडे.

खडूस_वाचक
मला या सगळ्या आरत्या कळत नाहीत. हरलेला माणूस हरलो म्हणाला, यात एवढं काय? त्याच सरकारच्या काळात चिबोकच्या शाळेतून २७६ मुली पळवल्या आणि सरकार कित्येक दिवस ढिम्म होतं. तेलाच्या पैशाचे घोटाळे वेगळेच. लोकांनी घालवलं. १,५४,२४,९२१ विरुद्ध १,२८,५३,१६२. पंचवीस लाखांच्या वर फरक. एवढ्या फरकाने पडल्यावर फोन केला नसता तर काय दिवे लावले असते? शब्द सापडत नाही कारण तो फार मोठा करून ठेवलाय. 'पडले, आणि पडलो म्हणाले.' लिहा असं.

लागोसकर
पुण्यामुंबईतून साधं वाटतं हे. नायजेरियात तोवर कुठलाही सत्तेवरचा अध्यक्ष मतपेटीतून पडलाच नव्हता. बदलायचे ते बंदुकीने, मरणाने, नाहीतर मुदत संपली म्हणून. बुहारी स्वतः १९८३च्या ३१ डिसेंबरला लष्करी बंडातून सत्तेवर आले, १९८५ला तशाच बंडात गेले. १९९३ला १२ जूनची निवडणूक मोशूद अबिओला जिंकत होते, तर लष्करशहा बाबांगिदांनी निवडणूकच रद्द केली. अबिओला पुढे कैदेतच मेले, १९९८ला. १९९९पासून एकच पक्ष सत्तेवर. पश्चिम आफ्रिकेतल्याच आयव्हरी कोस्टमध्ये २०१०ला अध्यक्ष बाग्बो हरले आणि हटेनात, किती माणसं मेली. हे सगळं डोक्यात असलेल्या देशात तो फोन झाला. जोनाथन तेव्हा म्हणाले की कुणाचीही महत्त्वाकांक्षा एका नायजेरियन माणसाच्या रक्ताच्या मोलाची नाही. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर भाजीवाल्या परत बसल्या होत्या. मला त्याचं मोल माहीत आहे.

खडूस_वाचक
मग तो पायंडा पडला का? २०१९ला बुहारींविरुद्ध उभे राहिलेले अतिकू अबुबकर हरले, कोर्टात गेले. २०२३ला टिनुबू जिंकले तर अतिकू आणि पीटर ओबी दोघंही कोर्टात, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने फेटाळेपर्यंत. तुमच्या बुहारींनीही २००३ आणि २००७ला हरल्यावर कोर्टच गाठलं होतं, २०११ला त्यांच्या पक्षाने. म्हणजे फोन एकदाच वाजला.

ओसाड_गावचा_पाटील
कोर्टात जाणं म्हणजे लोकशाही मोडणं नव्हे हो. आणि ते सगळे विरोधी बाजूचे होते, हातात सैन्य नसलेले. सत्तेवरच्याने सोडणं ही गोष्टच वेगळी. २०१५नंतर नायजेरियात सत्तेवरचा अध्यक्ष पडलेलाच नाही, त्यामुळे पायंडा पडला की नाही हे तपासायची वेळ यायचीय. फोन करून फिरलेलेही आहेत. गांबियाचे याह्या जाम्मे २०१६च्या डिसेंबरात टीव्हीवर हरलो म्हणाले, आठवड्याने म्हणाले निवडणूकच अमान्य. शेवटी शेजारी देशांच्या फौजा सीमेवर आल्या तेव्हा गेले. मोडीकाका, येजितखत देऊन फिरला तर पेशवाईत काय करत?

मोडी_वाचक
म्हणूनच लिहून घेत. फोनवर नाही.

वेंगुर्लेकर
लागोसकर, एक ऐकीव गोष्ट. बुहारींचे लोक 'साईबाबा' म्हणून ओरडत होते म्हणे? आमचा भाचा जहाजावर असतो, तो सांगत होता. खरं का?

लागोसकर
खरं! 'साई बाबा, साई बुहारी.' आमच्याकडे नव्याने आलेल्या नगरच्या मुलाने तर हात जोडले होते. उत्तर नायजेरियातल्या हौसा भाषेत 'साई' म्हणजे फक्त, केवळ. मराठीत शब्दाला 'च' लावतो ना, तसं. बुहारीच! बाबा म्हणजे वडीलधारा, आपल्यासारखाच. हौसात अरबीतून आलेले शब्दही खूप. खालच्या सभागृहाला 'मजालिसर वकिलाई' म्हणतात. मजलिस आणि वकील दोन्ही ओळखीचे.

मोडी_वाचक
वकील म्हणजे प्रतिनिधी! पेशव्यांचा दिल्लीतला वकील काही कोर्टात उभा राहत नसे. हौसाने जुना अर्थ जपला, आपण काळा कोट घातला. शुद्धमती, हेही अरबीच, लिहून ठेवा.

शुद्धमती
'स्वामी'चे 'साईं' झाले, ते तरी संस्कृत आहे ना?

प्यादे_पुढे
शिर्डीचं 'साई' फारसीतून आलं असंही मानणारे आहेत...

तळटीप
मंडळी, 'साई'चा वेगळा धागा काढा ना कुणीतरी. लेख सोमवारी द्यायचाय आणि माझ्याकडे अजून 'मान्य केला', 'पत्करली', 'राजी झाले', 'डाव सोडला' आणि येजितखत आहे. सध्या वाक्य असं लिहिलंय: 'निकाल जाहीर होण्याची वाट न पाहता जोनाथन यांनी फोन करून बुहारींचा विजय मान्य केला.' पराभव नाही, विजय. चालेल का?

शुद्धमती
'फोन' ऐवजी 'दूरध्वनी' करा.

वेंगुर्लेकर
साई फारसी कसं, जरा पुरावा द्या बघू. आणि कौलाचंही राहिलंय.