सड्यावरची बंगलो स्कीम आणि खालच्या वाडीच्या विहिरी

सड्यावरचा:
काल एकाने लिहिलं, 'शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर लांब असला की विषय संपला, विकासाला आडवे येऊ नका.' अहो ते १८ मीटर जंतूंसाठी! मैल्यातल्या नायट्रोजनचं नायट्रेट होतं, ते मातीला चिकटतच नाही, पाण्याबरोबर चालत राहतं. आमच्या सड्यावर, म्हणजे या कातळाच्या माळावर, वर जांभा म्हणजे चाळणच, खाली शेडी, म्हणजे पाणी न सोडणारी चिकणमाती. पाणी शेडीवर अडतं आणि आडवं फुटून खालच्या वाडीच्या झऱ्यात उतरतं. ३ एकरांत ४० बंगले येतायत. १६० माणसं, माणशी दिवसाला १० ग्रॅम नायट्रोजन धरा, वर्षाचे ५८४ किलो. पाऊस ३ मीटर, पण जांभ्यातून मुरून भूजलात भर घालतो तो ७ टक्केच धरा, म्हणजे अडीच हजार घनमीटर, वर सांडपाणी पावणेसहा हजार. निम्मं नायट्रोजन वाटेत उडालं धरलं तरी नायट्रेट लिटरला दीडशे मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५.

प्लॉटवाला:
ते लिहिणारा मीच. वर्षभर राहतंय कोण तिथे? शनिवार-रविवार येतात लोक. आणि सड्यावरच्या बाकी जमिनीतलं पाणी मिसळत नाही का, की तुमच्या हिशोबात फक्त ३ एकरांवरच पाऊस पडतो? ग्रामसभेत रिपोर्ट दाखवला, विहिरीचं नायट्रेट ८ आहे, आठ! आणि जमीन विकली कोणी? गावकऱ्यांनीच ना?

बोरिवलीकर:
गावकऱ्यांनी?? आमच्या सातबाऱ्यावर ११ नावं, काकाने मधल्यामधे सह्या गोळा केल्या, आम्ही गणपतीला गेलो तर आमच्या काजूभोवती चिऱ्याचा गडगा!

प्लॉटवाला:
गणपतीला ५ दिवस यायचं आणि वर्षभर गावाची काळजी करायची. विहीर उपसायला आलात का कधी?

बोरिवलीकर:
तोंड सांभाळून बोला, त्या विहिरीला आजोबांनी स्वतः पायऱ्या बांधल्यात. आणि तुम्ही कुठले हो, कमिशन किती मिळालं?

वाडीतली सून:
भांडून झालं की सांगा. आमच्याकडे विहिरीचंच पाणी, उकळून पितो, काही होत नाही.

सड्यावरचा:
ताई, उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं वाढतं. मोठ्यांचं निभावतं, सहा महिन्यांच्या आतलं बाळ वरच्या दुधावर असेल तर त्या पाण्यात पावडर कालवू नका, बाळ निळं पडतं. आणि प्लॉटवाले, शनिवार-रविवारच धरला तरी ८५ च्या पुढे जातं, करून बघा. बाकी सड्याचं पाणी मिसळेल, मान्य, पण किती ते तुमच्या रिपोर्टात आहे का? सॅम्पल एकच, तेही मे महिन्यातलं. पहिल्या पावसात खड्ड्याखालचं सगळं धुऊन खाली येतं तेव्हा कोण बाटली भरणार? आणि तो ८ चा आकडा परत वाचा. खाली बारीक अक्षरात 'नायट्रोजन म्हणून' लिहिलंय, म्हणजे ८ हे नायट्रेटमधल्या नुसत्या नायट्रोजनचं वजन. अख्ख्या नायट्रेटसाठी ४.४३ ने गुणा. ३५.

प्लॉटवाला:
बरं बाबा, ३५. नीट वाचलं नव्हतं, झालं समाधान? पण अजून एक चिरा बसलेला नाही आणि आत्ताच ३५, मग हे कोणाचं? कलमांना पोत्याने युरिया तुम्ही घालता, गोठ्याचं मूत विहिरीच्या कठड्यापर्यंत जातं ते चालतं.

सड्यावरचा:
असेल आमचंच. आमचा गोठा विहिरीपासून २० पावलांवर आहे, खोटं कशाला बोलू. पण मग उरले १०. त्या १० त तुमचे ४० बंगले बसवून दाखवा.

बोरिवलीकर:
आणि सातबाऱ्याचं काय? त्याबद्दल कोणी बोलतच नाहीये.