ऑस्ट्रेलियाचा गॅस आटोपला म्हणे! (कोपरीकरांच्या धाग्याला उत्तर)

उपवनी
कोपरीकरांनी परवा ठोकून दिलं की ऑस्ट्रेलियाचा एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला गॅस) निर्यातीचा धंदा दहा वर्षांत गाशा गुंडाळणार, कतार आणि अमेरिका स्वस्तात विकणार, आणि आपण तिथे नवा करार करणं म्हणजे शुद्ध येडेपणा. तिथेच प्रतिसाद देत होतो, पण तो लांबत गेला. म्हणून वेगळा धागा.

गाशाच गुंडाळायचा असता तर तिथल्या नॉर्थ वेस्ट शेल्फ गॅस प्रकल्पाला २०७० पर्यंत मुदतवाढ कशाला दिली असती? १९८९ ला जपानला पहिलं जहाज गेलं ते तिथूनच. जुन्या विहिरी उतरणीला लागल्यात हे मान्य. पण कतारचं कौतुक करताना नकाशा बघा की. वर्षाला ७.७ कोटी टनांची क्षमता ते २०३० पर्यंत १४.२ कोटींवर नेतायत, उत्तम. त्यातला आपल्याकडे येणारा थेंब न् थेंब इराणजवळच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच येणार. अमेरिकेत तर जानेवारी २०२४ ला बायडेननी निर्यातीच्या नव्या परवानग्या रोखल्या आणि वर्षभरात ट्रम्पनी मोकळ्या केल्या. अध्यक्ष बदलला की धोरण बदलतं, त्यावर वीस वर्षांचा करार बेतायचा?

कोपरीकर
कागद २०७० चा आहे, विहीर नाही. इंडोनेशियाचा अरुण एलएनजी प्रकल्प आठवतोय? १९७८ पासून निर्यात. इंडोनेशिया पुढे निर्यातीत जगात पहिल्या नंबरावर पोचला होता. २०१४ ला अरुणहून शेवटचं जहाज गेलं आणि पुढच्याच वर्षी तिथे आयातीचं टर्मिनल सुरू झालं. इजिप्तनेही विकणारा-घेणारा अशा उलट्यासुलट्या उड्या मारल्याच. आणि तुमच्या लाडक्या ऑस्ट्रेलियात पोर्ट केंबलाला आयात टर्मिनल बांधून ठेवलंय, ते काय शोभेला?

तळोजा_भट्टी
पोर्ट केंबला हे गॅस संपल्याचं लक्षण नाही हो, नियोजन गंडल्याचं आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने २००६ पासून १५ टक्के गॅस घरच्यासाठी राखून ठेवला. पूर्व किनाऱ्यावर तसं काही न ठेवता कर्टिस बेटावर तीन प्रकल्पांनी सहा ट्रेन (गॅस द्रवरूप करणारे संच) उभ्या केल्या. बाहेर जाणारा गॅस वाढला, बास सामुद्रधुनीतला आटत गेला, आणि तिथल्या कारखानदारांना स्वतःच्याच देशातला गॅस परदेशी भावाने घ्यावा लागला.

त्यांचं दुःख मला कळतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आशियातला हजर भाव (करार नसताना लगेचच्या खरेदीचा) एमएमबीटीयूला, म्हणजे गॅस मोजायच्या एका एककाला, ७० डॉलरच्या आसपास भडकला तेव्हा मी भट्टी फर्नेस ऑइलवर फिरवली. माल काळवंडला, गिऱ्हाईक गेलं, अजून परत आलेलं नाही. हजर बाजारात स्वस्त मिळेल म्हणून वाट बघणाऱ्यांनी एकदा तळोज्यात येऊन जावं. चहा पाजतो.

खोपटची_ताई
कारखानदारांचं ठीक आहे, आमच्या स्वयंपाकघराचं काय? गॅसचं बिल वाढतंच चाललंय ते या ऑस्ट्रेलियामुळेच ना? शिवाय पाइप टाकताना लॉबीच्या टाइल्स फोडल्या त्या तशाच. कमिटी म्हणते ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो कमिटीला.

कोपरीकर
ताई, घरगुती पाइप गॅसला देशातला गॅस आधी मिळतो, आयातीचा संबंध फार कमी. टाइल्सचं मात्र आमच्याकडेही सेम. वर कमिटीने प्रत्येक फ्लॅटकडून 'पुनर्बांधणी निधी' उकळला, हिशोब आजवर नाही.

उपवनी
आमच्याकडे सेक्रेटरीने स्वतःच्या मजल्यावर ग्रॅनाइट बसवून घेतलं. बोला.

खोपटची_ताई
घ्या! एजीएममध्ये विचारलं तर म्हणतात, 'तुम्ही भाडेकरू, तुम्हाला मत नाही.' बावीस नंबरचा ब्लॉक माझ्या सासऱ्यांच्या नावावर आहे हो!

तळोजा_भट्टी
उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करा ताई, तोंडी काही होत नाही.

घोडबंदरचा_वैताग
टाइल्स सोडा. सीएनजीचं बोला. पंपावर तासभर रांग, वर भाव चढतोय. हे 'देशातला गॅस आधी' म्हणणारे कधी रिक्षात बसलेत का? २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सीएनजीसाठीचा स्वस्त देशी गॅस सरकारने कापला. मग तूट कशाने भरतात? महागड्या गॅसने, त्यात आयातीचाही आला. घरात बसून ज्ञान पाजळायला काय जातंय.

कोपरीकर
मी घरगुती म्हटलं होतं, सीएनजी नव्हे. वाचायचे कष्ट घ्या, मग अंगावर या.

घोडबंदरचा_वैताग
वाचलं. ताईंना उत्तर देताना सोयीचं तेवढंच सांगितलंत.

नेरुळचा_चीफ
भांडा निवांत. मी ऑस्ट्रेलियातल्या डॅम्पिअर बंदरात माल भरलाय, गुजरातच्या दहेज बंदरात उतरवलाय. उणे १६२ अंशांचा माल, वाटेत थोडा उडतोच. आमच्या जुन्या जहाजांवर तो बॉयलरमध्ये जाळायचो. प्रवास जितका लांब तितका माल कमी पोचतो. सुएझ बंद असला की अमेरिकेहून आफ्रिकेला वळसा घालून यावं लागतं. ऑस्ट्रेलियाचा रस्ता सरळ, मध्ये कुणाची सामुद्रधुनी नाही. एवढं एक गणित कोपरीकर साहेबांनी मांडलेलं दिसलं नाही.

कोपरीकर
चीफ, गॅसचा भाव कच्च्या तेलाच्या भावाला बांधलेला असेल तर सरळ रस्त्याचा फायदा कुणाच्या खिशात? आपल्याकडे एलएनजी आयात करणाऱ्या पेट्रोनेट कंपनीने २००९ ला ऑस्ट्रेलियातल्या गॉर्गन प्रकल्पाच्या गॅसचा करार केला, कोचीसाठी. टर्मिनल २०१३ ला उभं राहिलं, मंगळूरपर्यंतची पाइपलाइन २०२१ ला. आणि २०१७ ला भाव पुन्हा घासाघीस करून बदलावाच लागला.

उपवनी
म्हणजे बदलून मिळाला! कतारनेही २०१५ अखेर भाव उतरवला होता. जुनं गिऱ्हाईक असलं की विकणारा ऐकतो. उलट २०२२ ला आपल्या सरकारी गॅस कंपनीचं, 'गेल'चं, काय झालं? करार होता रशियाच्या गाझप्रोमच्या सिंगापूरच्या कंपनीशी, तिचा ताबा जर्मनीकडे गेला आणि ठरलेली जहाजं आलीच नाहीत. म्हणून म्हणतो, चार ठिकाणांहून घ्या आणि त्यात ऑस्ट्रेलिया ठेवा.

कोपरीकर
बरं बाबा. दहा वर्षांत नाही, पंधरा वर्षांत आटोपेल. झालं समाधान?

तळोजा_भट्टी
पंधराचा करार चालेल मला. नवी भट्टी त्याच्या पुढे टिकत नाही.