मदत हवी आहे: १० आरमध्ये भाजीचे वाफे किती जणांना द्यावेत?

लातूरजवळ सातबाऱ्यावर १० आर जमीन आहे. नवशिक्या कुटुंबांना परसबागेसाठी वाटून द्यायचीय.

१० आर म्हणजे १० गुंठे नव्हे. आर १,०७६ चौरस फुटांचा, गुंठा ३३ बाय ३३ म्हणजे १,०८९ चा. दहा गुंठे आखले तर शेवटच्याला सव्वाशे चौरस फूट कमी पडतात आणि बांधावरून भांडण. म्हणून आधी रस्ता अन् पाण्याची टाकी सोडून मगच वाटणी.

इंग्लंडात असा पूर्ण प्लॉट १० चौरस रॉडचा धरतात. रॉड साडेसोळा फूट, म्हणजे ४ चौरस रॉडचा बरोबर एक गुंठा, प्लॉट अडीच गुंठ्यांचा. आपल्याकडं एप्रिल-मेच्या उन्हात एवढं पाणी नवख्याला झेपणार नाही. माझ्या मते अर्धा गुंठा, ३३ बाय साडेसोळा, पुरे. त्यात ३ फुटी चार वाफे आणि मध्ये दीड फुटी तीन वाटा बरोबर बसतात.

आखणी स्टीलच्या टेपनं; सुतळी ताणली की वाढते. पूर्ण गुंठ्याचा कर्ण दोन्हीकडून ४६ फूट ८ इंच आलाच पाहिजे, नाहीतर चौकोन तिरका.

जाणकारांनी सांगावं:
काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खुंट्या हलतात. कोपऱ्याला दगड किती खोल गाडावा?
अर्ध्या गुंठ्याला ठिबकच्या नळ्या वाफ्यागणिक एक की दोन?
चौघांच्या घराला अर्ध्या गुंठ्यात पालेभाजी, वांगी, मिरची पुरते का?