फौजेनंतरची ड्यूटी

दादा, तुमचा धाकटा भाऊ १७ वर्षं फौजेत काढून घरी आला, सिक्युरिटीच्या कामात त्याचं मन रमत नाही आणि आता रुग्णसेवेचा कोर्स करतो म्हणतो, हे वाचलं. करू द्या त्याला. मीही पायदळातून नागपूरला परतलो तेव्हा असाच होतो. पहाटे चारला जाग यायची आणि दिवसभर करायला काही नसायचं. (१५ वर्षांच्या सेवेवर जवानाला पेन्शन बसते, तेव्हा वय जेमतेम पस्तिशीचं असतं. घरचे हे विसरतात.)

आता ७ वर्षं झाली, अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळतो. पहिले आजोबा नागपूरच्या महाल भागातले, अर्धांगवायूचे. दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठ, माकडहाड, टाचा बघायच्या. लाल झालेली कातडी दाबूनही लालच राहिली, तर जखमेची सुरुवात समजायची. रात्री गजर लावावा लागला नाही, सेंट्रीची सवय कामी आली. एका पहाटे दाढी करून दिली, तर त्यांनी चांगल्या हाताने माझा हात धरला आणि सोडेचनात. पोस्टवर सोबती गेला, तेव्हापासून मी देवापुढे हात जोडले नव्हते. त्या दिवशी ड्यूटी संपवून सरळ टेकडीच्या गणपतीला गेलो.

आपले नागपूरचे सूफी संत ताजुद्दीन बाबा कामठीत जन्मले, तरुणपणी तेही फौजेत होते. मला त्याचा फार धीर वाटतो.

भावाला एक सांगा, रुग्णाशी हुकमाच्या आवाजात बोलायचं नाही. मला ते शिकायला वर्ष लागलं. भेटायचं असेल तर रविवारी सकाळी मी मोकळा असतो.